तार गंजायला हवी होती

“काका, त्या तारेला ग्रीस लावू नका बरं. तेवढी एक तार गंजायलाच हवी.”

मित्रांनो, हे वाक्य माझ्यापासून वीतभर अंतरावर बोललं गेलं होतं. ज्यांना सांगितलं त्यांनी ते अर्धवटच मानलं. मी पूर्ण ऐकलं आणि तरी मनावर घेतलं नाही. मला वाटलं, एका तारेचं काय एवढं! ऐकणं हेच जिचं काम तिने असं करावं, हे बरं दिसत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते.

मी एक नळी आहे. नळाची नव्हे, बोअरचीही नव्हे. मी समुद्राच्या तळाशी बसून आवाज ऐकते. कागदोपत्री मला हायड्रोफोन म्हणतात, पण जिथे मी तयार झाले तिथे सगळे मला नळीच म्हणत आले, आणि मलाही तेच घरचं वाटतं. लांबी सव्वा मीटर. जाडी केळीच्या खांबाएवढी. डोक्यावर काळ्या रबराचं बोंड, आणि त्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचं एक कडं. पाण्यातून आवाज येतो, त्या कड्याला किंचित दाबतो, त्या दाबाची वीज होते आणि ती माझ्या पोटातल्या कार्डावर नोंदली जाते. शेजारीच एक घड्याळ आहे. कुठला आवाज कोणत्या क्षणी आला, हे ते सेकंदाच्या बारीक तुकड्यापर्यंत लिहून ठेवतं.

माझं माहेर अमरावती. एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. तिथून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब आहे आणि मला जोडणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेलाही नाही. आम्ही चौघी एका साच्यातल्या. मी चार नंबरची.

आम्हाला घडवणाऱ्यांपैकी दोघांची ओळख करून देते. पहिले शेषराव. हे चांदूर बाजारचे. तीस वर्षं त्यांनी संत्र्याच्या बगिच्यांमधल्या बोअरच्या मोटरी वर काढल्या, उघडल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा खाली सोडल्या. पाणी कुठून शिरतं हे इंजिनिअरांपेक्षा त्यांना जास्त कळतं, म्हणून त्यांना आमच्या शेडमध्ये बोलावून घेतलं. त्यांची पत्नी केशरबाई मागेच वारल्या. एकुलती एक लेक प्रतीक्षा हिवरखेडला दिली. घरी ते एकटेच. रोज सकाळी साडेसातच्या एस.टी.ने येत आणि संध्याकाळच्या एस.टी.ने जात.

माझ्या झाकणाला जे रबरी कडं आहे, ते बसवायचं काम त्यांचं. जुन्या बनियनच्या मऊ फडक्याने ते कड्याची खाच पुसत, मग डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवत. एक केस जरी अडकला तरी दोन किलोमीटर खोलीवरचं पाणी तेवढ्यातून आत येतं. म्हणून ते डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. “डोया खोटं सांगते,” म्हणत, “बोट नाही सांगत.” कडं बसलं की त्यावर, बोल्टांवर, अडकवायच्या आकड्यांवर, सगळीकडे ग्रीस. ते त्याला गिरीस म्हणत. मला ते फार आवडायचं.

दुसरी आकांक्षा. ती अकोल्याची, शिकलेली, माझं घड्याळ आणि आतली सगळी मांडणी तिची. प्रत्येक गोष्ट ती तीनदा तपासते. दोनदा तपासून झोप येत नाही असं स्वतःच सांगते. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या वेळी ती एकटी होती. तिसऱ्या फेरीच्या वेळी तिची आठ महिन्यांची मुलगी शेजारच्या खोलीत झोळीत असायची, आणि आकांक्षाचं अर्धं लक्ष कायम त्या भिंतीपलीकडे.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

खोल समुद्रात अंधार असतो. डोळ्यांचा तिथे उपयोग नाही. आवाज मात्र पाण्यातून सेकंदाला दीड किलोमीटर जातो आणि फार लांबवर पोचतो. पण एकटीला विचाराल तर मी एवढंच सांगीन, की आवाज आला. कुठून आला, ते मला सांगता येत नाही. म्हणून आम्हा चौघींना वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर वेगवेगळं बसवतात. पहिल्या फेरीत एका निळ्या देवमाशाने लांबलचक, खर्जातली हाक दिली. ती मला पहिल्यांदा ऐकू आली. दोन नंबरच्या बहिणीला सहा सेकंदांनी, एक नंबरच्या बहिणीला अकरा सेकंदांनी आणि तीन नंबरच्या बहिणीला पंधराने. वर आल्यावर आमची चार घड्याळं शेजारी ठेवून आकांक्षाने हे फरक मांडले आणि नकाशावर पेन्सिलीने एक ठिपका दिला. देवमासा तिथे होता. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही चौघींनी मिळून त्याची जागा सांगितली.

तिघींवर भागत नाही का? पुष्कळदा नाही. तिघींच्या हिशेबात कधीकधी दोन जागा निघतात आणि खरी कोणती ते ठरवता येत नाही. चौथी लागतेच. हे लक्षात ठेवा.

त्या फेरीनंतर वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. शेषरावांनी तो कापून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि एस.टी.तल्या प्रत्येकाला दाखवला. कंडक्टर म्हणे, “शेषरावभाऊ, ही नळी पाणी किती इंची फेकते?” शेषराव महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

पण मित्रांनो, समुद्रात जाणं सोपं. परत येणं अवघड. माझ्या पायाशी लोखंडाचं वजन बांधतात, त्याने मी बुडते. डोक्याशी पोकळ काचेचे दोन गोळे असतात, ते मला वर ओढत असतात. वजन आणि मी यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक तार. वर्षभराने जहाज येतं आणि पाण्यातून आवाजाची एक खूण पाठवतं. ती खूण ओळखली की मी त्या तारेत वीज सोडते. खाऱ्या पाण्यात वीज सोडलेली तार भराभर गंजते. आठ-दहा मिनिटांत ती तुटते, वजन खाली राहतं आणि मी वर. म्हणून माझ्या सगळ्या अंगात ती एकच वस्तू अशी, की तिने गंजलंच पाहिजे.

पहिल्या दोन फेऱ्यांना माझी तार आकांक्षाने बांधली होती. तिसऱ्या फेरीच्या दिवशी ट्रक दारात उभा होता. प्रणाली नावाची धाकटी इंजिनिअर, जी जहाजावर जाणार होती, तिने तीन नळ्यांच्या तारा बांधल्या. माझी राहिली. तेव्हा आकांक्षाने ते काम शेषरावांना दिलं आणि वर सांगितलेलं ते वाक्य बोलली.

“गंजू द्याची?” शेषराव हातातला पाना खाली ठेवून म्हणाले. “मॅडम, तीस वर्सं मी लोकायले सांगत आलो, पाण्यात जे जाते त्याले गिरीस लावा. अन् आता तुमी म्हंता गंजू द्या!”

“ग्रीस लावलं तर पाणी तारेला भिडणार नाही काका. मग वीज सोडून उपयोग काय?”

“मंग आपण धरणात सोडली होती तवा काहून नाही तुटली? तवा तर गिरीस नव्हतं.”

“मोर्शीकडच्या धरणाचं पाणी गोडं. म्हणून तर आपण ड्रममध्ये मीठ टाकून तार बघतो.”

“हो, सात किलो. किराणावाला मले इचारते, कायचं लोणचं घालून राहिले जी एवढं?”

सगळे हसले. आकांक्षाही हसली. तेवढ्यात पलीकडे मुलगी रडली आणि ती उठून गेली. एरवी ती परत येऊन तार बघून गेली असती. तीनदा बघून गेली असती. त्या दिवशी मुलगी लवकर गप्प झाली नाही आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

शेषरावांनी तार नीट बांधली. गाठ घट्ट, दोन्ही टोकं सारखी. मग ते माझ्याकडे बघत उभे राहिले. “पोरगी एवढ्या दूर, खाऱ्या पाण्यात चालली,” ते स्वतःशीच बोलले, “अन् तिले कोरडीच धाडू का?” डबी उघडून त्यांनी बोटावर थोडं ग्रीस घेतलं आणि तारेवरून फिरवलं. समोरून, दोन्ही कडांनी. मागच्या बाजूला तार धरून ठेवणारी पट्टी आड येत होती, तिथे त्यांचं बोट पोचलं नाही.

मला माहीत होतं. मी ऐकलं होतं. पण ग्रीस थंड आणि मऊ होतं, आणि मला बरं वाटलं.

एक वर्ष मी तळाशी बसले. बावीसशे मीटर. त्या वर्षाचं फारसं सांगण्यासारखं नाही. जहाजं वरून गेली. लांब कुठे तरी जमीन हलली आणि तिचा घरघराट चौघींना क्रमाने ऐकू आला. देवमासे हिवाळ्यात बोलले, मग गप्प झाले. मी सगळं लिहून ठेवलं.

मग एका सकाळी सात वाजता माझ्यासाठीची खूण आली.

मी तारेत वीज सोडली आणि जहाजाला उत्तर दिलं: टिक, टिक, टिक. म्हणजे, हुकूम पोचला, काम सुरू आहे. पंधरा मिनिटांनी वीज आपोआप बंद होते, तशी झाली. तार होती तशीच होती. जहाजाने पुन्हा खूण पाठवली. पुन्हा पंधरा मिनिटं. असं चार वेळा झालं. माझ्या तिघी बहिणी आदल्या दोन दिवसांत वर गेल्या होत्या. मी उत्तरं देत होते आणि जागची हलत नव्हते.

इथे पहिल्यांदा मला उलट बाजूचा अनुभव आला. आजवर मी दुसऱ्यांच्या आवाजाची जागा शोधून दिली होती. आता माझ्या आवाजाची जागा वरची माणसं शोधू लागली. मला टाकलं तो बिंदू त्यांच्याकडे होता, पण दोन किलोमीटर बुडताना प्रवाह कोणालाही सरळ जाऊ देत नाही. प्रणालीने जहाज एका जागी उभं करायला लावलं आणि मला हाक दिली. हाक जाऊन उत्तर यायला चार सेकंद लागले. एका बाजूचे दोन, म्हणजे तीन किलोमीटर. खोली माहीत होतीच, ती हिशेबात धरून तिने नकाशावर एक वर्तुळ काढलं. मग जहाज दुसरीकडे गेलं, दुसरं वर्तुळ. मग तिसरीकडे. तुम्ही कंपासपेटीतल्या कंपासने काढता तशीच. तिन्ही वर्तुळं जिथे मिळाली तिथे मी होते, टाकल्या जागेपासून चारशे मीटर दक्षिणेला.

जागा कळली, पण मी का येत नाही ते कळलं नाही. कप्तानाने सांगितलं की चार वाजता जहाज निघेल, त्याला बंदर गाठायचं आहे. तोवर नळी आली नाही तर नाही. पुन्हा इकडे फेरी ठरलेली नव्हती आणि माझ्या बॅटरीत तर थोडेच दिवस उरले होते. वर्षभराचं लिहिलेलं कार्ड माझ्या पोटात होतं. ते नसतं तर तिघींच्या नोंदींत निम्म्या आवाजांच्या दोन-दोन जागा निघाल्या असत्या, खरी कुठली आणि खोटी कुठली हे कोणालाच कळलं नसतं. जहाजावरच्या लोकांनी ठरवलं की लोखंडी आकडे लावलेला दोर तळावरून ओढायचा आणि मला अडकवून काढायचं. तसं केलं की काचेचे गोळे बहुधा फुटतात. गोळे फुटले की नळी संपली.

आकडे बांधायच्या आधी प्रणालीने नऊ वाजता जहाजावरून अमरावतीला फोन लावला. पुढचं मी नंतर रॅकवर पडल्या पडल्या ऐकलं. रॅकवरच्या वस्तूसमोर माणसं मोकळेपणी बोलतात.

“ताई, उत्तर देतेय ती, वीजही जातेय, पण तार तुटत नाही,” प्रणाली म्हणाली. “तारेवर काही होतं का?”

आकांक्षाने फोन स्पीकरवर ठेवला होता. “काही नाही. मी स्वतः सांगितलं होतं.”

शेडमध्ये सहाजण होते. शेषरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग शेषराव म्हणाले, “हाये, मॅडम.”

“काय आहे?”

“गिरीस. मीच लावलं होतं.”

आकांक्षा रागावली की तिची अकोल्याची बोली बाहेर येते. “काहून लावलं मंग? मी सांगतलं होतं ना तुमाले!”

“बोटभरच लावलं जी.”

“काका, ही शेतातली बोअरची मोटर नाही! एक वर्षाचं काम आहे त्यात. बुडालं तर तुमच्यामुळे बुडालं, हे लक्षात ठेवा.”

हे सगळ्यांसमोर झालं. फोनवर प्रणालीनेही ऐकलं.

शेषराव फोनपाशी सरकले. मग त्यांनी हळूच सांगितलं, “मागची बाजू तशीच हाये. तिथं बोट पोचलं नाही. आकडे नका टाकू म्हणा. तार गंजन, पण टाइम घेईन.”

“किती?”

“ते मले काय माईत.”

आकांक्षा फोनजवळ आली. तिचा आवाज बदलला होता. “प्रणाली, आकडे थांबव. दर पंधरा मिनिटांनी खूण देत राहा. किती वेळ लागेल ते आम्ही बघून सांगतो.”

कोपऱ्यात निळा ड्रम होता. त्यात पाणी भरलं, सात किलो मीठ विरघळवलं. तशीच तार, तशीच पट्टी आणली. मग आकांक्षाने ग्रीसची डबी शेषरावांच्या हातात दिली.

“तेव्हा लावलं तसंच लावा काका. कमी नाही, जास्त नाही.”

एक चूक माणूस एकदा करतो, न कळत. शेषरावांना ती दुसऱ्यांदा करायला सांगितली होती, पाच माणसं उभी राहून बघत असताना. ते थांबले, हात धोतराला पुसला, डोळे मिटले आणि तारेवरून बोट फिरवलं. समोरून, दोन्ही कडांनी. पट्टीपाशी बोट अडलं.

“असंच होतं,” ते म्हणाले. “एवढंच.”

दहा वाजता ड्रममध्ये वीज सोडली. साधी तार आठ मिनिटांत तुटायची. अर्धा तास झाला, तास झाला. तारेच्या मागच्या बाजूने बारीक बुडबुडे येत होते. कोणी चहा प्यायला गेलं नाही. आकांक्षा एकदाच उठली, मुलीला पाजून आली. एक वाजून दहा मिनिटांनी तार तुटली. तीन तास दहा मिनिटं.

खाली पाणी थंड, म्हणून तिथे आणखी वेळ लागणार. वीज किती वेळ चालू होती आणि किती वेळ बंद, ते सगळं धरून आकांक्षाने हिशेब केला आणि प्रणालीला सांगितलं: “तीनच्या आसपास. बॅटरी पुरेल असं वाटतं. थांबवू नको.”

“कप्तान ऐकेल का?”

“चार वाजेपर्यंत तो थांबणारच आहे ना? तेवढंच लागतं आपल्याला.”

मित्रांनो, इकडे तळाशी मला यातलं काही माहीत नव्हतं. खूण येई, मी वीज सोडी, उत्तर देई. प्रत्येक उत्तराने बॅटरी थोडी उतरत होती. मला एवढंच कळत होतं, की तारेच्या मागच्या बाजूला काही तरी खाल्लं जातंय. ज्या बोटाने मला वर्षानुवर्षं पाणी लागू दिलं नाही, त्याच बोटाचा थर समोरच्या बाजूला अजून पाणी अडवून होता. मी तेव्हा त्या ग्रीसला नावं ठेवली. खरं तर ते लागत असताना मला बरं वाटलं होतं, हे मी विसरले नव्हते.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी तार तुटली. मला धक्का बसला आणि मी सुटले.

बावीसशे मीटर वर यायला मला पस्तीस मिनिटं लागली. आधी काळोख, मग निळसर, मग एकदम पांढरं. डोक्याच्या रबराला वाटेत चीर गेली, तेव्हापासून मला नीट ऐकू येत नाही. वर लाटा होत्या. एवढ्या समुद्रात सव्वा मीटरची वस्तू शोधणं कठीण, पण प्रणालीला कुठे बघायचं ते माहीत होतं. तिने जहाज माझ्या बरोबर डोक्यावर न ठेवता बाजूला ठेवलं होतं, म्हणजे मी त्याच्या बुडाला आपटू नये. तीन पंचवीसला तिने मला पाहिलं. साडेतीनला मी डेकवर होते.

फोन अमरावतीला गेला. शेडमध्ये ओरडाआरडा झाला. कोणी तरी पेढे आणले. आकांक्षा रडली, मग हसली, मग मुलीला उचलून तिच्या तोंडाला पेढा लावला. एक पेढा शेषरावांसाठी बाजूला ठेवला गेला. तो घ्यायला ते तिथे नव्हते. कधी गेले, ते कोणी पाहिलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.च्या आधीच निघाले असावेत.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

बारा दिवसांनी मी ट्रकने परत आले. माझं कार्ड काढलं, कोरडं केलं. सगळ्या नोंदी शाबूत निघाल्या. आकांक्षाने चौघींची घड्याळं जुळवली आणि नकाशावर एकामागून एक ठिपके दिले, एका आवाजाला एकच ठिपका. मला पुसून रॅकवर ठेवलं. चीर गेलेली नळी पुन्हा समुद्रात पाठवत नाहीत. ते मला कळलं आणि पटलंही. माझं काम झालं.

पण शेषरावांची खुर्ची रिकामी आहे. नवीन नळ्यांची रबरी कडी आता दुसराच कोणी बसवतो, डोळे उघडे ठेवून.

आकांक्षाने फोन केले. पहिले चार दिवस घंटी वाजत होती. मग फोन बंद येऊ लागला. “रुसले असतील,” ती प्रणालीला म्हणाली. “मी फार बोलले त्यांना. एवढ्या लोकांसमोर नको होतं बोलायला.”

“जाऊन ये ना ताई एकदा. चांदूर बाजार काय लांब आहे?”

“जाते. या रविवारी जाते.”

त्या रविवारी मुलीला ताप आला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मी आकांक्षाला दोष देत नाही. चूक कोणाची, हे मी रॅकवर पडल्या पडल्या पुष्कळदा जुळवून पाहिलं. शेषरावांनी ग्रीस लावलं. आकांक्षाने परत येऊन बघितलं नाही. मी ऐकून सोडून दिलं. पण बोल लागला तो एकालाच, आणि ज्याने खरं सांगून मला वाचवलं त्यालाच लागला. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर आकडे पडले असते. हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मी वर आले, एवढं तरी त्यांना कळलंय का, तेही मला माहीत नाही.

ते गेल्याला आज सव्विसावा दिवस आहे. आकांक्षा म्हणते, रुसवा. असेलही. पण रुसलेल्या माणसाचा फोन वाजतो, तो उचलत नाही, एवढंच. बंद फोनचं मला काही सांगता येत नाही. घरी ते एकटे आहेत. लेक हिवरखेडला आहे, तिचा नंबर इथे कोणाकडे नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांचं आत्मवृत्त संपताना यंत्रं सांगतात की आम्हाला जपा, धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. तुमच्यापैकी कोणी चांदूर बाजारचं असेल किंवा तिकडे जाणारं असेल, तर माझं एक काम करा. बाजाराच्या रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या मागच्या गल्लीत शेषरावांचं घर कोणीही दाखवेल. फोन लावत बसू नका. जा. दारात उभं राहून हाक मारा. ते बाहेर आले तर सांगा, की नळी वर आली आणि तुमच्या बोलण्यामुळेच आली.

आणि आतून ओ आली नाही, तर परत फिरू नका. शेजाऱ्यांना बोलवा आणि आत जाऊन बघा.